चौथी सीट



सकाळी विरारहून येणारी लोकल भाईंदरला खचाखच भरूनच येते. दारातले प्रवासी सरकत नाहीत म्हणून आपण चिडतो. पण पुढे मीरा रोडला आपण तरी सरकतो का? रॅकवर आपलीच बॅग आडवी पसरलेली असते, बाकावर मित्रासाठी रुमाल पडतो. जागा सर्वांची, पण आधी पोहोचणारा तिचा मालक होतो.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात मेजवानीचे पाहुणे मानाच्या जागा निवडताना प्रभू येशूने पाहिले व शेवटच्या जागी बसायला शिकवले. आपण जागा कशी घेतो, यावरून आपले अंतःकरण कळते.

लोकलमध्येच एक सुंदर रीत आहे. बाक तिघांचा, तरी तिघे सरकतात आणि चौथा बसतो. न्याय तिघांचा हक्क मोजतो, प्रीती चौथ्यासाठी सरकते.

या आठवड्यात आपण बॅग उभी ठेवू या, मागच्याची बॅग हातोहात रॅकवर पोहोचवू या, थकलेल्याला जागा देऊ या. रविवारी मिस्सात शेजाऱ्याला शांती द्यायची आणि सोमवारी दारात कोपर मारायचे, हे आपल्याला शोभत नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.