नाचणे पाप आहे का?



वरातीत बँडवर नाचणे पाप आहे का, असे एका तरुणाने मला विचारले.

गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना उपासनेसाठी सूर शिकवीत. त्याच शिदोरीवर कित्येक गोवेकर वादक मुंबईला आले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. जॅझची गोडी पसरली. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रंपेट वाजवू लागले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते पडद्यावरही दिसले.

चर्चमधला सूर नाचघरात जाऊन बाटला? मला नाही वाटत. टाळमृदंगावर पावले टाकणाऱ्या पंढरीत हे काय सांगावे! खटकते ते वेगळेच. सिनेमाला चाल लावणाऱ्याचे नाव झाले; वाजवणाऱ्या कित्येकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत.

त्या तरुणाला मी विचारले, “बँडवाल्यांना जेवायला बसवले होते का?” तो गप्प राहिला.