आशेची कसोटी

सुगीच्या दिवसांत आशा धरण्यास श्रद्धा लागत नाहीं. भरलेलें खळेंच तें काम करतें. कसोटी लागते ती आभाळ कोरडें राहिलें म्हणजे. देव पाऊस पाडील म्हणून आशा धरावी, हें उत्तर सोपें आहे. पण पाऊस न पडला तर पिकाबरोबर श्रद्धाही करपून जावी काय?

जामखेडास १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य कामास लागलें. दोन वर्षांतच १९७२ चा दुष्काळ आला. लोकांना औषधाआधीं अन्नपाणी हवें होतें. तेंच त्यांनीं आधीं हातीं घेतलें. पुढें खेड्यांतल्या कित्येक निरक्षर व दलित स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविकेचें शिक्षण दिलें. मेबलबाई १९९९ सालीं वारल्या, रजनीकांत २०११ सालीं. त्या स्त्रियांची विद्या मात्र त्यांच्याबरोबर गेली नाहीं.

शुक्रवारचा क्रूस आणि रविवारचें पुनरुत्थान यांच्यामध्यें एक मुका शनिवार आहे. माणसाचें बरेंचसें आयुष्य त्या शनिवारींच जातें. तेव्हां ऋतु पालटण्याची हमी न मागतां, कदाचित् आपल्या दृष्टीस न पडणाऱ्या सुगीसाठीं पेरीत राहणें, यालाच आम्ही ख्रिस्ती आशा म्हणतों.