मेल्यावर वाजणारं संगीत कुणाचं?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, 'आर्ट गॅलरी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया'मध्ये २०२५च्या एप्रिलमध्ये 'रिव्हिव्हिफिकेशन' नावाची कलाकृती मांडली गेली. नाव जड आहे, अर्थ साधा: पुन्हा जिवंत करणं. खोलीत पितळेचे २० वाकवलेले पत्रे लावले होते. मागची हातोडी मध्येच आपटायची, पत्रा घुमायचा, नाद विरत जायचा. हातोडी कधी पडणार हे ठरायचं जिवंत ठेवलेल्या मेंदूपेशींच्या हालचालींवरून. आणि त्या पेशी आल्विन ल्युसिअर या अमेरिकन संगीतकाराच्या रक्तापासून वाढवलेल्या होत्या. ल्युसिअर २०२१मध्ये वारले.

मी पर्थला गेलेलो नाही. हेडफोन लावून मोबाईलवर जे पाहिलं-ऐकलं तेवढंच. पण हे संगीत नक्की कुणाचं, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

आधी हे घडलं कसं ते बघू. २०२०मध्ये, ८९व्या वर्षी, ल्युसिअरनी राजीखुशीनं रक्त दिलं. गाय बेन-आरी, नेथन थॉम्पसन आणि मॅट गिंगोल्ड हे तीन कलाकार आणि स्टुअर्ट हॉजेट्स हे मेंदूशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून स्टेम सेल बनवल्या गेल्या आणि त्यांच्यापासून मेंदूच्या ऊतीचे इवले इवले गोळे वाढवले. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. खोलीतले आवाजही मायक्रोफोननं टिपून विजेच्या संकेतांच्या रूपात त्यांच्यापर्यंत पोचवले जायचे. तिथे कुणी खोकलं तर तेसुद्धा.

ऐकायला भुताची गोष्ट वाटते. पण ल्युसिअरना ही वाट नवी नव्हती. १९६५मध्ये त्यांनी 'म्यूझिक फॉर सोलो परफॉर्मर' केलं. डोक्याला इलेक्ट्रोड लावून माणूस खुर्चीत बसतो. मेंदूतल्या अल्फा लहरी सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हेलकावतात, म्हणजे कानाला ऐकूच येऊ नयेत इतक्या संथ. त्या वाढवून स्पीकरला दिल्या की स्पीकर थरथरतो आणि त्याला टेकवलेले ड्रम, झांजा वाजू लागतात. गंमत अशी, की डोळे मिटून मन शांत असेल तरच या लहरी जोरात येतात. वाजवायची धडपड केली की गायब! पहाटे उठून रियाज करणाऱ्याला हे ऐकून चक्कर येईल.

म्हणून पर्थच्या बाजूनं बोलणारे विचारतात: तिथेही त्या माणसानं काय केलं होतं? मेंदूतली वीज आणि ड्रम, एवढंच ना? मग आता काय वेगळं आहे?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण खुर्चीतल्या माणसाला डोळे उघडता येत होते. डोळे उघडले की अल्फा लहरी ओसरतात, ड्रम थंडावतात. तो उठून जाऊ शकत होता, आज जमलं नाही म्हणू शकत होता, पुढच्या वेळी ड्रमची जागा बदलू शकत होता. मला संगीतकार तिथे दिसतो, या नको म्हणण्यात. ऑर्गनॉइडला आवाज पोचतो, पण तो आवडेनासा व्हायला तिथे कुणी आहे, असं मानायला आज तरी आधार नाही.

आता संमतीचं. २०२४मध्ये 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यात ए. आर. रहमाननी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं उभे केले, तेव्हा परवानगी कुटुंबीयांनी दिली होती. इथे तर खुद्द माणसानंच हो म्हटलंय. त्या अर्थी पर्थचं प्रकरण जास्त स्वच्छ. पण हा होकार नक्की कुणाच्या वतीनं होता? तो गोळा जर इतका ल्युसिअर असेल की रचनेला त्यांचं नाव लागावं, तर होकार त्यालाच विचारायला हवा. आणि त्याला काही विचारताच येत नसेल, तर ल्युसिअर इथे फक्त रक्तदाते आहेत. दोन्हीचं श्रेय एकदम घेता येणार नाही.

त्यांची १९६९ची 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' ऐकून बघा, यूट्यूबवर सापडते. ते काही वाक्यं बोलतात, ती त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड करतात, मग पुन्हा, पुन्हा. हळूहळू शब्द विरघळतात, त्यांचं तोतरेपणही विरघळतं, उरतो खोलीचा स्वतःचा नाद. हा माणूस आपल्याच रचनेतून असा बाजूला होत आला होता. मला वाटतं, रक्त देताना त्यांना अमरत्व दिसलं नसेल, आणखी एक खोली दिसली असेल. 'पुन्हा जिवंत' ही पाटी मात्र त्यांना ओढून मधोमध बसवते.

माझ्या हातात असतं तर पाटीवर रचनाकार म्हणून तिघा कलाकारांची नावं घातली असती आणि खाली लिहिलं असतं, 'रक्त: आल्विन ल्युसिअर'. त्यानंही सगळं मिटत नाही. अशा पेशींचा पोषक द्रव बदलत राहावा लागतो. तो बदलायचं एक दिवस कुणीतरी थांबवेल. त्या दिवशी मैफल संपली म्हणायचं की कुणी गेलं म्हणायचं, हे त्या तिघांनाच ठरवावं लागेल.