जागल

अकोल्याजवळच्या आमच्या गावात हरभऱ्याला घाटे धरले की संध्याकाळी घरात एकच प्रश्न असायचा : ‘आज जागलीले कोण जातं?’ रोही आणि रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. म्हणून घोंगडी, काठी, कंदील घेऊन कोणीतरी निघायचं, शेकोटी पेटवायची, अधूनमधून डबा बडवायचा. ‘सुरक्षा’ हा शब्द घरात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. जागल होती, आणि पीक राखायचं तर कोणाची तरी झोप जाणार, हे त्या शब्दातच आलं होतं.

इंग्रजी ‘सिक्युरिटी’चं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. आजी ज्याला ‘बिनघोर’ म्हणायची, तेच. जुन्या इंग्रजीत या शब्दाला गाफीलपणाचाही अर्थ होता. आपला ‘सुरक्षा’ शब्द ‘रक्ष्’ धातूचा, राखणाऱ्याच्या बाजूचा. एक शब्द झोपलेल्याचा, दुसरा जागणाऱ्याचा. वऱ्हाडात हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या वाट्याला आलेले मला फारसे दिसत नाहीत.

अमरावतीचा परकोट घ्या. पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांना राखण्यासाठी निजाम सरकारने १८०७ मध्ये तो बांधायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. त्यातल्या एका खिडकीचं नाव खुनारी. १८१८ मध्ये झालेल्या एका झटापटीत तिथे सातशे माणसं मेल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. पेढ्या भिंतीच्या आत होत्या. त्या ज्या कापसावर चालायच्या, तो पिकवणारे बाहेर.

पुढे तर अख्खं वऱ्हाडच ‘सिक्युरिटी’ झालं, सावकाराच्या अर्थाने : तारण. निजामाच्या रक्षणासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिचा खर्च निजामाला झेपेना, थकबाकी साचत गेली, ईस्ट इंडिया कंपनीचं कर्ज झालं. १८५३ च्या तहाने त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे लावून दिले गेले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर सुटले. वऱ्हाड अडकलंच. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या भाडेपट्ट्याने गेलं. त्यानंतर ती फौज हिंदी सैन्यात विरून गेली, तारण मात्र परत आलं नाही. कास्तकाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपलं वावर दुसऱ्याच्या कर्जात अडकल्याची उदाहरणं त्याच्या घरातच असतात.

१९७२ च्या दुष्काळाच्या आसपास ‘हमी’ हा शब्द मोठा झाला. वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला. मला या सगळ्या प्रवासात हाच शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. हमी कोणीतरी द्यावी लागते, आणि ती मोडली तर त्याचं नाव घेऊन विचारता येतं. काम मागणाऱ्या मजुरासाठी जागं राहण्याची जबाबदारी इथे सरकारने लिहून दिली. कापसाची एकाधिकार खरेदीही त्याच काळातली. ती पुढे आटोपली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती आणि अकोला त्या सहांत होते. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला : प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य. मेळघाटातल्या कुपोषित मुलाच्या आईने त्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, हे धान्य तिच्या पाड्यावर कोणत्या तारखेला पोचतं यावर ठरतं.

आता आमच्या गावात सिक्युरिटी म्हणजे नोकरी. ‘पोरगा कुठी असते?’ ‘पुन्याले. सिक्युरिटीत हाये.’ खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्येच केला. राखणाऱ्यालाही कोणीतरी राखावं लागतं, हे त्यात मान्य झालं होतं. तरी आमच्या शेजारचा मुलगा ठेकेदाराकडे बारा तासांची रात्रपाळी करतो. त्याचे वडील साठीच्या पुढचे. हरभऱ्याच्या दिवसांत अजूनही तेच जागलीला जातात. रात्री दोनच्या सुमारास ते मुलाला फोन लावतात. डोळा लागू नये म्हणून दोघं बोलत राहतात.