एका पैची चूक



आज नित्यपाठात गीतेचा 16 वा अध्याय आला. दैवी आणि आसुरी संपत्तीचा. कितीदा वाचलाय, पण आज 'संपत्ती' या शब्दावरच अडखळलो. भगवंतांनी गुणांना संपत्ती म्हटलंय, आणि त्या 26 गुणांच्या यादीत पहिलं नाव दानाचं नाही, सत्याचं नाही. अभयाचं आहे.

मग माझी कबुली द्यायलाच हवी. 2019 साली कर्ज काढून घणसोलीत फ्लॅट घेतला. नोकरी ऐरोलीत, पगार चांगला. तरी बँकेचा मेसेज आला की न उघडताच बाजूला सारायचो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून मी निर्धास्त! अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, हे कळत नव्हतं असं नाही. इंजिनिअर आहे, चक्रवाढ व्याज शाळेपासून येतं. पाहायचं नव्हतं, एवढंच. त्यात क्रेडिट कार्ड. दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरून मोकळा व्हायचो. त्यातून मुद्दल जेमतेम हलतं आणि उरलेल्यावर वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास व्याज चढत राहतं.

आणि या सगळ्याला मी नाव काय दिलं होतं? वैराग्य! सौ.ने विषय काढला की म्हणायचो, "अगं, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आपण काय सारखं पैसे-पैसे करायचं?"

ती कथा मी धड ऐकलीच नव्हती. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. खतं बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला, असं परंपरा सांगते. म्हणजे आधी वाटणी झाली, कुणाचं किती हे पाहिलं गेलं. शिवाय त्यांनी सोडलं ते लोकांकडून यायचं होतं. मी ज्याच्याकडे पाठ फिरवली होती ते लोकांना द्यायचं होतं. हा फरक माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली.

खरं तर मला नाथांची गोष्ट हवी होती. नाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे होते, किल्ल्याचा हिशेब लिहीत. एकदा एका पैचा मेळ लागेना. आजोबांच्या वेळची पै म्हणजे रुपयाचा 192 वा भाग, तेव्हा किती ते सोडा. नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. (रात्री दोनला बग सापडला की काय होतं, हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.) स्वामी म्हणाले, एवढ्याशा चुकीचा इतका आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडल्यावर किती होईल!

कीर्तनात इथून थेट नामाकडे जातात, ते बरोबरच आहे. मी मात्र जरा अलीकडेच थांबतो. स्वामींनी वही मिटायला सांगितलं नाही. ज्या लक्षाने पै शोधली, तेच लक्ष त्यांना हवं होतं. आणि नाथांना चूक शोधायची भीती वाटली नाही. घरातल्या वहीत डोकवायला घाबरणारा मी, डोळे मिटून आत काय डोकावणार होतो?

गेल्या महिन्यात एका गुरुवारी, आरतीनंतर, सौ.समोर सगळं उघडलं. कर्जाची मुदत माझ्या साठीपलीकडे गेली होती. कार्डाचा आकडा मी वाचूही शकेना, तिनेच वाचला. ती रागावली, आकड्यावर नाही, लपवल्यावर. मग उठून चहा ठेवला आणि मुलीची जुनी दुरेघी वही घेऊन आली. पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली कार्डाचं देणं लिहिलं. कार्ड कपाटात गेलंय. एक मुदत ठेव मोडून निम्मं फेडलं, उरलेलं दिवाळीपर्यंत.

आता दर गुरुवारी ती वही देवाजवळून उचलतो. परवा 60 रुपये जुळेनात. तिने "जाऊ दे ना" म्हटलं, मी म्हटलं, "थांब." कोपरखैरणे स्टेशनवरची भाजी निघाली.

आईला अजून सांगितलेलं नाही. मुदत ठेव तिच्या नावाने ठेवली होती. एकादशीला गावी जातोय, वही बरोबर नेणार आहे.

राम कृष्ण हरी.