डाव मांडण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा, काहीसा अबोल, परंतु मनाने सरळ असा हा मुलगा. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने एकदम विचारले, "फादर, खेळात पाप होऊ शकतं का?"

"पैसे लावून खेळता का रे?" मी विचारले.

तो हसला. "नाही फादर, पैशांचा काही संबंध नाही. आम्ही गोष्टी खेळतो."

गोष्टी सांगतात, ऐकतात, लिहितात. गोष्टी खेळतात हे मला नवीन होते. त्याने समजावून सांगितले ते असे. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक जग उभे करतो; त्यातील गावे, राजे, चोर, राक्षस, वादळे सारे त्याच्या वाणीतून प्रकट होते. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करावे हे स्वतः ठरवतात. केलेले साहस फळाला येते की फसते याचा निर्णय पुष्कळदा फाशांवर सोपवलेला असतो. हे फासे चार पृष्ठांपासून वीस पृष्ठांपर्यंतचे असतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा पुढे सरकत राहते आणि कधी कधी ती वर्षानुवर्षे चालते.

या प्रकारातील पहिला छापील खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. शिपायांच्या लहान लहान प्रतिकृती मांडून लढाया खेळण्याचा एक छंद होता, त्यातून तो जन्मला. आज तो जगभर खेळला जातो.

आता त्या तरुणाचे शल्य ऐका. त्यांच्या जुन्या गटात त्यांनी कार्यालयातील एका मुलीला नव्याने बोलावले. नियमाप्रमाणे तिने आपल्या पात्राची जन्मकथा लिहिली. तिच्यात एक म्हातारे, आजारी वडील होते. त्या गटाची एक रीत होती. कथेला धार यावी म्हणून पात्रांच्या आप्तस्वकीयांवर संकटे आणायची. ही रीत सर्वांना ठाऊक होती आणि सर्वांना प्रिय होती. तिसऱ्या बैठकीत सूत्रधाराने साथीच्या रोगाचा प्रसंग रंगवला आणि मोठ्या कौशल्याने त्या वडिलांचा मृत्यू वर्णिला. मुलगी शांतपणे उठली, "मला उशीर होतोय" म्हणाली आणि निघून गेली. ती पुन्हा आली नाही. तिचे खरे वडील आठ महिन्यांपूर्वीच दीर्घ आजाराने वारले होते, हे गटाला नंतर कळले.

"आम्हाला माहीतच नव्हतं, फादर," तो म्हणाला. "आणि शेवटी खेळच होता. मग मला झोप का येत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्या संध्याकाळी नीट देऊ शकलो नाही. तेच येथे देण्याचा प्रयत्न करतो.

या खेळावर एके काळी धार्मिक मंडळींकडून मोठे आरोप झाले आहेत. एका अमेरिकन मातेने आपल्या मुलाच्या आत्महत्येचा दोष या खेळाला दिला आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटनाही स्थापन केली. हा खेळ मुलांना सैतानाच्या उपासनेकडे नेतो अशी भीती तेथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत पसरली. त्या मातेच्या दुःखापुढे आपण मस्तक लववावे. परंतु खेळ आणि आत्महत्या यांचा कार्यकारणसंबंध पुढील काळात सिद्ध झाला नाही. माझ्या मते त्या भीतीने आपले लक्ष भलतीकडे वळवले. पुस्तकातल्या राक्षसाकडे सर्वांनी पाहिले, टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे कोणी पाहिले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाचा विचार केला आहे हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या खंडाच्या दुसऱ्या भागात १६८व्या प्रश्नाखाली ते सांगतात की, शरीराला जशी विश्रांती हवी तशी मनालाही हवी आणि ती खेळातून, विनोदातून मिळते. मात्र ते तीन पथ्ये घालून देतात. खेळातला आनंद अश्लील किंवा इजा करणाऱ्या गोष्टींत शोधू नये. मनाचा तोल पूर्णतः घालवू नये. आणि खेळ हा व्यक्ती, वेळ व स्थळ यांना शोभेल असा असावा. त्या गटाचे चुकले ते या तिसऱ्या पथ्यात. जो प्रसंग जुन्या चौघांना शोभत होता, तो त्या पाचवीला, त्या वर्षी, शोभत नव्हता.

पण त्यांना माहीत नव्हते ना? येथेच खरा प्रश्न आहे. अज्ञान दोषमुक्त करते हे खरे. परंतु जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते त्याचे अज्ञान तसे करीत नाही, हे नीतिशास्त्राच्या पहिल्या पाठांत आम्हांला सेमिनरीत शिकवले जाई. मुलीच्या घरचे दुःख त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्या गटाची रीत मात्र त्यांना पक्की ठाऊक होती आणि ती त्यांनी सांगितली नाही.

योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण सांगितले ते स्वेच्छा. सक्तीचा खेळ हा खेळच नव्हे. आणि स्वेच्छेला ज्ञान लागते. कशाला होकार देतो आहोत हे ज्याला माहीत नाही त्याचा होकार अपुरा असतो. बुद्धिबळात ही अडचण नसते, कारण त्याचे सारे नियम सर्वांसाठी एकच आहेत. येथे मात्र तेच पुस्तक घेऊन एक गट केवळ लढाया खेळतो, दुसरा कोडी सोडवतो, तिसरा पात्रांच्या सुखदुःखाचे नाटक रंगवतो. नाव एक, खेळ तीन. म्हणून "ये, आमच्याबरोबर खेळायला ये" हे आमंत्रण पुरेसे नसते.

जाणत्या खेळाडूंनी हे केव्हाच ओळखले आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ते एक बैठक केवळ बोलण्यासाठी घेतात आणि तिला शून्य क्रमांकाची बैठक म्हणतात. २०२० साली निघालेल्या 'टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत पुस्तकातही तिचे मार्गदर्शन आहे. कथा गंभीर की हलकीफुलकी? पात्रे मरू शकतात का? कोणत्या दिवशी, किती वेळ बसायचे? एखादा आला नाही तर काय? कोणते विषय कथेत येऊच नयेत? रॉन एडवर्ड्स या खेळरचनाकाराने २००३ मध्ये यासाठी रेषा आणि पडदे अशी दोन नावे दिली. रेषेपलीकडे कथेने जायचेच नाही. पडद्यामागे जे घडते ते घडले असे मानायचे, पण त्याचे वर्णन करायचे नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आधीच सांगितले तर उत्कंठा राहत नाही. परंतु कोण मरणार हे सांगणे वेगळे आणि या कथेत माणसे मरतात हे सांगणे वेगळे. शोकांतिकेचे तिकीट काढणाऱ्याला नाटक शोकांतिका आहे हे ठाऊक असते, म्हणून त्याचा रस काही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे. मित्रांमध्ये कसल्या अटी? खरे म्हणजे जुन्या मित्रांमध्येही अटी असतात. फक्त त्या वर्षांच्या सहवासात, एकमेकांना दुखवून आणि एकमेकांची क्षमा मागून, न बोलता ठरलेल्या असतात. न बोलता समजणे हे जुन्यांचे सुख आहे. नव्याला मात्र ते भिंतीसारखे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. सगळेच आधी कसे कळणार? नाहीच कळणार. त्या मुलीलाही कदाचित आपण इतके हलून जाऊ याची कल्पना नसेल. म्हणून काही गटांत टेबलावर फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. जॉन स्टॅव्हरोपूलस यांनी सुचवलेल्या या पद्धतीत कोणीही त्या कार्डाला स्पर्श केला की चालू प्रसंग सोडून पुढे जायचे आणि कारण विचारायचे नाही. या शेवटच्या अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. आपण दुःखी माणसाला किती सहज म्हणतो, "आधी सांग तरी काय झालं!" जणू दुःखाचा पुरावा मिळाल्याशिवाय त्याला थारा द्यायचा नाही.

मग नवागताला काहीच बंधन नाही का? आहे. जो गटात येतो त्याने ठरल्या दिवशी यावे. इतर चौघांची सायंकाळ त्याच्या येण्यावर अवलंबून असते. आपल्या मर्यादा त्याने शक्यतो वेळीच सांगाव्यात आणि केवळ आवडत नाही म्हणून दुसऱ्यांचा खेळ मोडू नये. दुसऱ्यांच्या आनंदाला भार होणे हाही दोष आहे, असे संत थॉमस त्याच प्रश्नात म्हणतात. शिवाय "माझं पात्रच तसं आहे, मी काय करू?" ही सबब त्याने कधी सांगू नये. मुखवट्याने कोणाला बोचकारले तर तो मुखवटा निवडणारा आणि चढवणारा माणूसच त्याला जबाबदार असतो.

आणि दोघांचे जुळतच नसेल तर? तर तसे स्पष्ट सांगावे. "आमचा खेळ असा आहे, तो तुला मानवणार नाही असं वाटतं," हे वाक्य ऐकायला कठोर आहे, पण त्यात समोरच्याचा मान आहे. प्रत्येकाला प्रत्येक टेबलाशी जागा देता येणार नाही. जागा आहे असे भासवून खरे काय ते लपवणे हा मात्र अन्याय आहे.

आपण हे का लपवतो, याचे उत्तर मला माझ्याच आयुष्यात सापडले. गेल्या पंचवीस वर्षांत कितीतरी माणसांना मी वेगवेगळ्या समित्यांवर घेतले. "थोडंसंच काम आहे हो, महिन्यातून एक मीटिंग," असे मी हसत हसत म्हणालो. काम थोडे नव्हते हे मला ठाऊक होते. खरे सांगितले तर माणूस येणार नाही, ही भीती होती. त्यांतले काही जण पुढे मुकाट्याने गळाले आणि मी त्यांच्या निष्ठेविषयी कुरकुर केली. त्या तरुणाच्या गटाने निदान हेतुपुरस्सर काही लपवले नव्हते.

तो तरुण पुढे त्या मुलीला भेटला. "तुझ्या वडिलांविषयी आम्हाला माहीत नव्हतं," असे न म्हणता, "आमची रीत तुला सांगायला हवी होती," असे म्हणाला. ती गटात परतली नाही. तो तिचा अधिकार होता. परंतु कार्यालयात ती आता त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते. गटात अलीकडे एक नवा मुलगा आला आहे. त्याच्यासाठी फासे बाहेर काढण्यापूर्वी चहा ठेवला गेला आणि दोन तास नुसते बोलणे झाले.

मीही गेल्या महिन्यात एका गृहस्थांना समितीवर बोलावताना काम किती आहे ते नीट मोजून सांगितले. त्यांनी विचार करून नम्रपणे नकार दिला. मला वाईट वाटले, पण त्या रात्री झोप मात्र चांगली लागली.