न विचारलेले सांगावे का?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत एकच विषय सुरू होतो : प्रवेश. कोणते कॉलेज, कोणती शाखा, फी किती, आणि तिथे कोणाची ओळख आहे का. या सगळ्या धावपळीत प्रत्येक कुटुंबाची गाठ एका व्यक्तीशी पडते, पण तिच्याविषयी कोणी फारसा विचार करीत नाही. ती व्यक्ती म्हणजे कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा प्रवेश सल्लागार. हल्ली त्याला काउन्सेलर म्हणतात. आपल्यातलेही काही तरुण-तरुणी आज हे काम करीत आहेत. वरवर पाहता ते फॉर्म भरून घेण्याचे, फोन करण्याचे आणि माहितीपत्रक वाटण्याचे काम. पण त्या टेबलामागे बसणाऱ्याला रोज एका नैतिक प्रश्नाला तोंड द्यावे लागते. त्याविषयी आज थोडे चिंतन करू या.

समजा, कारखान्यात काम करणारे एक वडील मुलाला घेऊन आले आहेत. मुलाला गणितात जेमतेम गुण आहेत. कॉलेजने नवा, मोठ्या नावाचा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला आहे आणि त्याच्या जागा रिकाम्या आहेत. त्या भराव्यात अशी वरिष्ठांची सूचना आहे. वडील विचारतात, "पहिल्या वर्षाची फी किती?" सल्लागार खरा आकडा सांगतो. ते विचारतात, "कोर्स चांगला आहे ना?" तो म्हणतो, "चांगला आहे." तेही खोटे नाही. मात्र पुढच्या वर्षांची फी किती, या अभ्यासक्रमात गणित किती, अशा मुलांना तो किती जड जातो, हे वडील विचारीत नाहीत. त्यांना ते विचारायचे सुचतही नाही. मग सल्लागाराने हे आपणहून सांगावे का?

यावर एक सरळ उत्तर दिले जाते. दुकानदार गिऱ्हाइकाला पलीकडच्या दुकानात माल स्वस्त आहे असे सांगत नाही. म्हणून त्याला कोणी पापी ठरवत नाही. सल्लागारही पगारी नोकर आहे, त्यालाही घर आहे, हप्ते आहेत. त्याने खोटे बोलू नये, एवढे पुरे.

या उत्तरात तथ्य आहे. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. माहीत असलेले सारे सर्वांना सांगत सुट असे ती सांगत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातही असाच विचार आहे. सत्य जाणण्याचा ज्याला हक्क नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणजे खरा प्रश्न असा की, टेबलापलीकडे बसलेल्या त्या वडिलांना हे जाणण्याचा हक्क आहे का?

आमच्या मते आहे. याचे कारण 'सल्लागार' या शब्दातच आहे. दुकानदाराकडे आपण सावध होऊन जातो, भाव करतो. डॉक्टरकडे मात्र आपण विश्वास टाकतो, कारण तो आपले हित पाहतो असे आपण धरून चालतो. औषधाचा त्रास काय होईल हे रोग्याने विचारले नाही म्हणून डॉक्टरला गप्प बसता येत नाही. प्रवेश सल्लागाराची अडचण अशी की, लोक त्याच्याकडे डॉक्टरकडे जावे तसे जातात आणि संस्था त्याचे काम विक्रेत्यासारखे मोजते. ज्याने सल्लागार हे नाव घेतले, त्याने त्या नावावर टाकला जाणारा विश्वासही घेतला. त्याच्या शब्दावर एक कुटुंब आपली बचत आणि मुलाची तीन-चार वर्षे लावणार आहे. अशा वेळी मौनाचीही किंमत त्या कुटुंबालाच मोजावी लागते.

पगार आणि सल्ला यांची गाठ किती घातक ठरते, हे अमेरिकेने फार पूर्वी ओळखले. विद्यार्थ्यांसाठी सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांनी, किती विद्यार्थी आणले या हिशोबाने कमिशन वा बोनस देऊ नये, असा कायदा तिथे १९९२ साली झाला. हा नियम मोडला जातो अशी तक्रार करून फिनिक्स विद्यापीठाविरुद्ध खटला भरणारे दोघे जण तिथलेच माजी प्रवेश काउन्सेलर होते. २००९ साली विद्यापीठाने चूक मान्य न करता, पण अमेरिकन सरकारला ६ कोटी ७५ लाख डॉलर देण्याचे कबूल करून ते प्रकरण मिटवले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे अमेरिकन मुलाला जे संरक्षण आहे, ते इथून जाणाऱ्या आपल्या मुलाला नाही. "आमचा सल्ला मोफत" असे एखाद्या एजंटाने सांगितले, तर त्याचे पैसे कोण देतो, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

मग नोकरी सांभाळून सल्लागाराने काय करावे? संस्थेचाही त्याच्यावर रास्त हक्क आहे. शेजारच्या कॉलेजची जाहिरात त्याने करण्याची गरज नाही, संस्थेच्या आतल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडण्याची तर मुळीच नाही. पण तीन गोष्टी त्याने न विचारता सांगाव्यात. पहिली, शेवटच्या वर्षापर्यंतचा पूर्ण खर्च. दुसरी, मिळणाऱ्या प्रमाणपत्राची खरी योग्यता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी सोय आहे. "कधीही बाहेर पडता येते" हे खरेच, पण एका वर्षाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. तिसरी, माघारी फिरण्याची वाट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेला मूळ दाखले अडकवून ठेवता येत नाहीत, आणि वेळेत प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळण्याची तरतूद आहे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पालक नको असलेल्या प्रवेशाला चिकटून राहतात.

सत्य सांगताना आशा मोडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. "तुझ्याच्याने होणार नाही" हा सल्ला नव्हे, तो निकाल झाला. "हा विषय तुला जड जाईल, घ्यायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून गणिताची शिकवणी लाव, नाहीतर या दुसऱ्या वाटेचा विचार कर," असे म्हटले की सत्यही राहते आणि मूलही खचत नाही. निर्णय शेवटी त्या कुटुंबाचा असतो. तो त्यांना उघड्या डोळ्यांनी घेता यावा, एवढेच सल्लागाराचे काम.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यांविषयी. आपल्या समाजाचा कोणी प्रवेश कार्यालयात आहे असे कळले की आपण बाप्तिस्म्याचा दाखला आणि फादरांची चिठ्ठी घेऊन त्याच्या घरी पोहोचतो. दाखला नेण्यात गैर काहीच नाही. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात डिसेंबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या समाजाच्या मुलांना ५० टक्क्यांपर्यंत प्राधान्य देण्यास मान्यता दिली. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने एकच ठरावीक टक्केवारी सगळीकडे लावणे योग्य नाही असे म्हटले. मात्र अल्पसंख्याक समाजाच्या मुलांमध्येही आपापसांत गुणवत्तेचा क्रम पाळला जावा, हा विचार त्याच निकालात आहे. कोटा समाजाचा आहे, ओळखीचा नाही. वशिल्याने आपल्या मुलाला मिळालेली जागा बहुधा आपल्याच एखाद्या गरीब कुटुंबातल्या, अधिक गुणांच्या मुलीची असते. तिच्या वडिलांना त्या कार्यालयात कोणी ओळखत नसते, एवढाच तिचा अपराध.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात जब्दीच्या मुलांची आई प्रभूकडे येते. तिलाही दोन जागाच हव्या असतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. प्रभू तिला हाकलून लावत नाही. तुला काय हवे, असे तो आधी विचारतो. मग त्या जागेसाठी कोणता प्याला प्यावा लागेल हे तिच्या मुलांना विचारतो, आणि त्या जागा देणे आपल्या हाती नाही हेही स्पष्ट करतो. ऐकून घेणे, किंमत सांगणे आणि जे आपल्या अधिकारात नाही त्याचे आश्वासन न देणे, हे तिन्ही त्या एका भेटीत आहे.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांनी पूर्ण खर्च, पदवीची मान्यता आणि प्रवेश रद्द करण्याचे नियम हे तीन प्रश्न कागदावर लिहूनच घराबाहेर पडावे. जे आपले बंधुभगिनी त्या टेबलामागे बसतात, त्यांनी हे प्रश्न विचारले जाण्याची वाट पाहू नये. आणि त्यांच्या दारी चिठ्ठी घेऊन जाण्याआधी आपण प्रत्येकाने विचार करावा : मी याच्याकडे सल्ला मागतो आहे, की त्याची सचोटी?